दाराजवळची जागा

"भांडी घ्या, पांघरुणं घ्या, मुलांच्या पायात घालण्यासारखं काही असेल तर तेही घ्या."

हे वाक्य त्या दिवशी मी सात दारांत म्हणालो होतो. आठवं दार माझ्या बहिणीचं होतं.

ती अंगणात मका कांडत होती. आमच्याकडे झाडाचा ओंडका पोखरून उखळ करतात, आणि मुसळ माणसाएवढं उंच असतं, वरच्या टोकाला जाड आणि जड. आयलसी ते दोन्ही हातांनी उचलून सोडत होती. पाठीवर बांधलेलं बाळ प्रत्येक घावाला मान डोलवत झोपलं होतं. आठ शिपाई, घोड्यावरचा लेफ्टनंट आणि सगळ्यांच्या पुढे मी, असे आम्ही कुंपणातून आत आलो, तरी तिनं हातातला घाव पुरा केला. मग मुसळ उखळातच उभं ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"गोवेली, जेवलास का?" ती म्हणाली.

गोवेली हे माझं घरचं नाव. आम्ही चेरोकी, अमेरिकेतले मूळचे लोक, कागदाला आणि पुस्तकाला गोवेली म्हणतो. मी पाचव्या वर्षापासून कुठला ना कुठला कागद नाकाशी धरून बसे, म्हणून हे नाव पडलं. मिशनच्या शाळेत मला सायलस म्हणत. त्या जून महिन्यात मी एकोणीस वर्षांचा होतो, दोन्ही भाषा येत होत्या आणि कुणालाही नाही म्हणायची हिंमत नव्हती. सैन्याचे लोक मिशनमध्ये दुभाषा शोधत आले तेव्हा मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी उठून उभा राहिलो. एवढंच झालं. आपण बरोबर असलो तर निदान लोकांना भांडीकुंडी तरी घेऊ देतील, अशी मी मनाची समजूत घातली होती. ती अगदीच खोटी नव्हती. ज्या घरी दुभाषा नसे तिथून लोक ताटावरून उठून हात न धुता निघाले.

"जेवलो," मी म्हणालो. "आयलसी, मी यांच्याबरोबर आलोय."

"दिसतंय की. आंधळी आहे का मी?"

"मग भांडी घे, पांघरुणं..."

"ऐकलं. शेजारच्या अंगणात ओरडत होतास तेव्हाच ऐकलं. तुझा आवाज इतका मोठा होऊ शकतो हे मला ठाऊकच नव्हतं."

दाराजवळच्या बुटक्या ओंडक्यावर बसलेला माणूस हसला. तो कानुना, आयलसीचा नवरा. कानुना म्हणजे मोठा बेडूक. त्याचा आवाज असा होता की ओढ्याच्या पलीकडून त्यानं कुणाला हाक मारली तर अलीकडची कुत्री भुंकत. पण या घरात मात्र तो हळू बोले आणि दाराजवळच बसे. तसा काही नियम नव्हता. लग्नानंतर पुरुष बायकोच्या घरी येऊन राहतो, घर बायकोचं, शेत बायकोचं, मुलं बायकोच्या कुळाची, हे आमच्यात सगळीकडेच होतं. पण म्हणून कुणी नवरा दाराशी बसत नसे. हा बसे. आत बस म्हटलं की म्हणे, "बाहेरचा माणूस बाहेरच्या वाऱ्याला बरा." बारा वर्षं हा विनोद चालला होता.

"अरे, तुझा साहेब गाल धरून का बसलाय?" त्यानं मला विचारलं. "त्याला कुणी मारलं का? मारलं असेल तर नाव सांग, भेटून येतो."

"दात दुखतोय त्याचा. सकाळपासून."

लेफ्टनंट हार्लन फार तर पंचवीस वर्षांचा असेल. डावा गाल सुजलेला, डोळे लाल. सकाळपासून त्यानं कुणावर हात उचलला नव्हता की शिवी दिली नव्हती. दात इतका दुखत होता की तेवढंही त्राण त्याला नसावं. आयलसीनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि आत गेली. एक शिपाई तिच्या मागे धावला. ती सालीचा एक तुकडा घेऊन बाहेर आली.

"चावायला सांग त्याला. काटेरी झाडाची आहे. गिळू नको म्हणावं."

"आयलसी, तो तुला न्यायला आलाय."

"न्यायला आलाय म्हणून दात दुखायचा थांबतो का?"

मी साल दिली. लेफ्टनंटनं आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे संशयानं पाहिलं आणि शेवटी तोंडात टाकली. थोड्या वेळानं त्याचे खांदे खाली आले. तो घोड्यावरून उतरला. कुंपणाशी पीचची चार झाडं होती, हिरव्या, कडक फळांनी लगडलेली. त्यांच्या सावलीत तो नुसता उभा राहिला. नऊ वर्षांची जेनी, माझी थोरली भाची, त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

"मामा, त्याला रडू येतंय का?"

"नाही. बरं वाटतंय त्याला."

आमच्यात मामा म्हणजे काय ते सांगायला हवं. मुलांना शिकवायचं, रागवायचं, त्यांच्या वतीनं चारचौघांत बोलायचं, हे बापाचं काम नव्हे. बाप प्रेम करतो, शिकार आणतो, खेळणी करून देतो; पण तो वेगळ्या कुळाचा. कानुना पक्षी कुळाचा होता. मुली आईच्या, म्हणजे आमच्या, हरिण कुळाच्या. आमची आई गेली होती, दुसरा भाऊ नव्हता. म्हणजे त्या दोन मुलींचा या जगातला कारभारी मी होतो, ज्याला दुकानात मीठ मागतानाही घाम फुटे.

एव्हाना कानुनानं टोपीच्या आतून एक घडी केलेला कागद काढला होता. तो उठला नाही. बसल्या जागेवरून त्यानं तो माझ्या हातात दिला.

"हा दाखव त्याला. म्हणजे तो सावलीत बसेल, आम्ही जेवू, आणि मग तो जाईल."

त्या कागदाची हकिकत अशी. कानुना डोंगरापलीकडच्या एका गावचा. त्या गावानं पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या राष्ट्रातून बाहेर पडून गोऱ्यांच्या राज्याचं नागरिकत्व घेतलं होतं. आमच्यातल्या मोजक्या लोकांनी सगळ्यांच्या वतीनं देश सोडून पश्चिमेला जाण्याच्या करारावर सही केली, त्यात ते गाव नव्हतं. त्या गावच्या माणसाला कुणी हलवणार नव्हतं. मार्च महिन्यात कानुना सहा दिवस चालून गेला आणि तिथल्या न्यायाधीशाकडून दाखला घेऊन आला. तो त्यांना मीच वाचून दाखवला होता. "यात लिहिलंय की तुम्ही राहू शकता, सगळे," असं मी सांगितलं होतं, आणि आयलसीनं त्या दिवशी मला दोनदा वाढलं होतं.

लेफ्टनंटनं कागद वाचला. ओठांवर बोट ठेवून पुन्हा वाचला.

"हा चांगला कागद आहे," तो मला इंग्रजीत म्हणाला. "धारक, आणि त्याच्या घरात राहणारी त्याची पत्नी व मुलं. असं लिहिलंय."

"होय, सर."

"हे त्याचं घर आहे?"

मी मागे वळून घराकडे पाहिलं. ओंडक्यांच्या भिंती, मातीनं लिंपलेल्या. आमच्या आजीनं बांधून घेतलेलं, मग आईचं, मग आयलसीचं. मिशनमध्ये सहा वर्षं आम्हाला शिकवलं जात होतं की घराचा धनी पुरुष असतो, तुमची रीत मागासलेली आहे. आणि सहा वर्षं मी खाली मान घालून मनात म्हणत होतो की नाही, नाही.

"नाही, सर," मी म्हणालो. "घर माझ्या बहिणीचं आहे. आमच्यात घर बाईचं असतं. मुलंही तिच्या कुळाची असतात. त्यांचा पालक मी आहे."

लेफ्टनंटनं साल दुसऱ्या गालात सरकवली. आयलसीकडे पाहिलं, उपकार करणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं. मग आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ. तुमच्या रीती मला माहीत नाहीत आणि मी त्या विचारल्याही नाहीत. मी वेगळ्या शब्दांत विचारतो, नीट विचार करून उत्तर दे. हा माणूस इथे राहतो. ही त्याची बायको. तर हे त्याचं घर आहे, असं मी लिहू ना?"

त्यानं उत्तर जवळजवळ माझ्या तोंडात घातलं होतं. एक होकार, आणि ते आठ शिपाई कुंपणाबाहेर गेले असते.

"काय म्हणतोय तो?" आयलसीनं विचारलं.

"विचारतोय, घर कुणाचं."

ती हसली. "एवढ्यासाठी एवढा वेळ? सांग की." आणि दाराच्या चौकटीवर हात ठेवून तिनं स्वतःच आमच्या भाषेत सांगितलं, "माझं." शब्द परका असला तरी हाताचा अर्थ कुणालाही कळला असता. तिला मी प्रश्न सांगितला होता. त्या प्रश्नावर काय अवलंबून होतं ते सांगितलं नव्हतं.

"घर तिचं आहे, सर," मी म्हणालो.

कानुना ओंडक्यावर बसून माझ्याकडे पाहत होता.

लेफ्टनंटनं कागद घडी करून परत दिला. "मग हा कागद फक्त त्याच्यापुरता आहे. बाई आणि मुलांना चलायला सांग. वाईट वाटतं."

मी ते सांगितलं. आयलसीच्या चेहऱ्यावर राग आला नाही, आश्चर्य आलं, पायरी असेल असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी तसं. तिनं कानुनाकडे पाहिलं.

"तू राहू शकतोस," मी त्याला म्हणालो. "तुझा कागद चालतो."

"बरं झालं," तो म्हणाला आणि उठला. "मग उखळ कोण उचलणार?"

"उखळ नाही नेता येणार. ओंडका आहे तो."

"मग मुसळ तरी घेतो. उखळ काय, जिथं झाड आहे तिथं होतं." त्यानं मुसळ उपटून खांद्यावर टाकलं, त्याचं पीठ झटकलं आणि आयलसीला म्हणाला, "चल. तुझ्या भावाचा आवाज बसायच्या आत निघू. अजून घरं आहेत त्याला."

आम्ही कुंपणाबाहेर पडलो तेव्हा लुटीसाठी मागोमाग आलेल्या गोऱ्या माणसांचं एक टोळकं रस्त्याच्या कडेला थांबलेलंच होतं. ते सैन्याचे नव्हते. आमची गाय दावणीवरून सोडल्याचं मी वळून न पाहता ऐकलं. जेनीनं मात्र वळून पाहिलं.

"मामा, ती माणसं आपले पीच तोडतायत. अजून कच्चे आहेत."

"तोडू दे," कानुना म्हणाला. "पोटात दुखलं की तुझी आई नसेल साल द्यायला."

खोऱ्याच्या तोंडाशी लाकडी कोट उभारला होता. त्यात आम्हाला सहा आठवडे ठेवलं. दुभाष्याचं काम दहा दिवसांत संपलं आणि मग मीही आत गेलो. माझ्याकडे कागद नव्हता. कानुनाकडे होता, त्यामुळे त्याला फाटकातून ये-जा करता येई. तो रोज सकाळी बाहेर जाई, रानभाज्या, कधी मासे घेऊन येई आणि संध्याकाळच्या आत परत येई. नवा पहारेकरी असला की कागद दाखवी. बाहेर जायला नव्हे, आत यायला. पहारेकऱ्यांना ते भारी गमतीचं वाटे. त्यांनी त्याचं काहीतरी नाव ठेवलं होतं. मी ते त्याला कधी सांगितलं नाही.

लेफ्टनंट हार्लन पहिले चार दिवस तिथेच होता. यादी त्याच्याकडेच होती. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या तंबूपर्यंत गेलो. पडदा बाजूला होता. तो पेटीवर बसून पत्र लिहीत होता, गालाची सूज उतरलेली. मनात मी वाक्य तयार केलं होतं: सर, माझी समजण्यात चूक झाली, घर त्याचंच आहे. चांगलं, व्याकरणशुद्ध वाक्य होतं. त्यानं मान वर करून विचारलं, "काय आहे?"

"तुमचा दात कसा आहे?"

"थांबलाय. तुझ्या बहिणीला सांग."

"सांगतो, सर."

मी परत आलो आणि आयलसीला ते सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई." चौथ्या दिवशी तो दुसऱ्या ठाण्यावर गेला. मी फाटकाशी उभा राहून त्याचा घोडा वळणाआड जाईपर्यंत पाहत होतो, आणि मला जे वाटलं ते दुःख होतं की सुटका, हे मला तेव्हाही ओळखता आलं नाही.

पुढच्या प्रवासाबद्दल मी थोडंच लिहितो. ज्यांना अधिक चांगलं लिहिता येतं त्यांनी लिहावं. कोटातून आम्हाला एका मोठ्या छावणीत हलवलं आणि ऑक्टोबरमध्ये आम्ही तिथून निघालो. म्हातारे आणि आजारी गाड्यांत, बाकीचे पायी. कानुना मुसळ खांद्यावर टाकून आमच्या पुढे चाले. मागून गर्दीत तेवढंच टोक दिसे आणि जेनी त्याच्यावर नजर ठेवून चाले. मुक्कामाला कुणीतरी विचारीच, "काय रे कानुना, उखळ कुठे राहिलं?" तो म्हणे, "मागून येतंय. लठ्ठ आहे ना, चालवत नाही त्याला." पहिल्या महिन्यात लोक हसत. डिसेंबरात हसणारे थोडे राहिले होते, तरी विचारीत मात्र.

जानेवारीत आम्ही त्या मोठ्या नदीच्या काठी अडकलो. पाण्यातून बर्फाचे घराएवढे तुकडे वाहत होते आणि नावा टाकता येत नव्हत्या. आमच्या पुढेही माणसं अडकलेली, मागेही. आम्हा पाचजणांत एक तंबू, एका बाजूनं उघडा. वारा नदीवरून येई. कानुना उघड्या बाजूला आडवा होई, मुसळ बाजूला ठेवून. मी दोनदा म्हटलं, आज मी तिथे झोपतो. तो म्हणाला, "तुझ्यातून वारा आरपार जाईल रे, पानासारखा आहेस तू. माझी जागा ठरलेली आहे."

नवव्या दिवशी त्याला ताप भरला. अकराव्या दिवशी त्याचा आवाज गेला. ज्याच्या हाकेनं कुत्री भुंकत, त्याचं बोलणं ऐकायला मला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला. आयलसी बाळाला घेऊन शेकोटीपाशी पाणी तापवत होती, जेनी तिच्याजवळ. सकाळची वेळ होती, ऊन होतं, पण त्याला ऊब नव्हती.

"गोवेली," तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. सहा-सात महिने झाले, विचारायचं राहून जातंय."

"विचार."

"त्या सुजलेल्या साहेबानं तुला दोनदा विचारलं. घर माझं का, म्हणून."

"तुला कसं कळलं?"

"मला तेवढी भाषा कळते. बोलता येत नाही. पण बारा वर्षं डोंगरातल्या औषधी मुळ्या त्यांच्या दुकानात विकल्या मी. घर कळतं. बायको कळते. हो आणि नाही तर कळतंच. ते कळलं नाही तर दुकानदार बुडवतो." तो थांबला, दम घेतला. "त्याला हो ऐकायचं होतं. तेही कळलं मला. तोंडावरून."

"मग तू का बोलला नाहीस?" माझा आवाज चढला होता. "नुसती मान हलवली असतीस!"

"तुझ्या बहिणीच्या दारात बसून? तिच्या भावानं सांगितल्यावर?" त्याला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "परक्यांच्या देखत तुला खोटं पाडू? आणि तू काही खोटं बोलला नव्हतास. घर तिचंच आहे."

"पण मुली होत्या, कानुना."

"मुली तुझ्या कुळाच्या. तू त्यांचा मामा." तो खोकला. "मी म्हटलं, हा पुस्तकं वाचतो. त्या लोकांच्यात राहिलाय. मागे राहिलेल्यांचं काय होणार ते याला ठाऊक असेल. त्याला काहीतरी दिसलं असेल, म्हणून तो नाही म्हणतोय. एवढा भित्रा माणूस साहेबाला दोनदा नाही म्हणतो, म्हणजे तसंच काहीतरी असणार."

शेकोटीपाशी जेनी कशावरून तरी आईशी वाद घालत होती. तो ते ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "काय दिसलं होतं तुला?"

मला काय दिसलं होतं ते पक्कं आठवत होतं. लेफ्टनंटनं पहिल्यांदा विचारलं त्या क्षणी मला एक रस्ता दिसला होता. लांब, अनोळखी, माणसांनी भरलेला, आणि त्यावर मी एकटा. माझ्याकडे कागद नव्हता, मला जावंच लागणार होतं. ते राहिले असते तर मला जेवलास का म्हणून विचारणारं त्या रस्त्यावर कुणी नसतं. रीत, सत्य, मिशनमधला अपमान, हे सगळं खरं होतं आणि तेही मनात आलं होतं. पण ते नंतर आलं. आधी रस्ता आला.

हे त्याला सांगायला हवं होतं. त्याला राग आला असता, किंवा तो हसला असता. दोन्ही त्याच्या हक्काचं होतं.

"तिकडची जमीन चांगली आहे," मी म्हणालो. "एका पुस्तकात वाचलं होतं. काळी आहे, पाणी जवळ आहे. आणि मागे राहिलेल्यांना ते आज ना उद्या काढणारच, असंही लिहिलं होतं."

"काळी?"

"काळी."

"पीच येतात?"

"येतात."

"मग ठीक केलंस," कानुना म्हणाला, आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. जमीन गोठलेली होती. सहा जणांनी आळीपाळीनं खणलं तेव्हा कुठे कंबरभर खड्डा झाला. त्याच्या टोपीत कागद तसाच होता, एकही डाग न पडलेला. आयलसीनं तो मला दिला, "तुझ्याकडे राहू दे, तू कागद सांभाळतोस," असं म्हणून.

घर त्याचं आहे हे एक खोटं मला बोलता आलं नाही, म्हणून मी स्वतःला बरीच वर्षं प्रामाणिक समजत होतो. नदीकाठी बोललो ते खोटं मात्र कसं सरळ, न अडखळता आलं. ते पुस्तक कधीच नव्हतं. मागे राहिलेल्या त्याच्या गावाला कुणी काढलं नाही. ते लोक अजून तिथे आहेत, त्या डोंगरात. दोन-तीन वर्षांत एखादं पत्र येतं.

आयलसीला मी हे सांगितलं, पण तेवीस वर्षांनी. ती माझं बोलणं पुरं होईपर्यंत मक्याची कणसं सोलत होती. नंतरही सोलत राहिली. सूप भरलं तेव्हा म्हणाली, "त्या दिवशी तू मला नुसतं एवढं सांगितलं असतंस की त्याचं आहे म्हण, तर मी म्हटलं असतं. हसत म्हटलं असतं. घराला काय कळतं?" मग उठून आत गेली. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली, माझं जेवणखाण तिनं पहिल्यासारखंच पाहिलं, पण जेवलास का असं मला पुन्हा कधी विचारलं नाही. ताट समोर ठेवी.

आता मी एकाहत्तर वर्षांचा आहे. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलं मला ऐकू येत नाही असं समजत, कारण मी उत्तर द्यायला फार वेळ लावी. राहतो जेनीच्या घरी, म्हणजे हरिण कुळाच्या घरी, जिथं माझा हक्क आहे. जमीन काळी निघाली. पाणी जवळ आहे. पीचही येतात, आणि ऑगस्टात ते गळायला लागले की जेनीची नातवंडं मला मूठभर आणून देतात. मी ते घेतो. खात नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल, खातो.

मुसळ दाराच्या चौकटीला टेकून उभं असतं. उखळ नवं आहे, या बाजूच्या झाडाचं, जेनीच्या लग्नाच्या वर्षी पोखरलेलं. मी दाराजवळ बसतो, बुटक्या ओंडक्यावर, हातात पुस्तक घेऊन. थंडी सुरू झाली की जेनी रोज तेच म्हणते.

"मामा, आत येऊन बस ना. तिथे वारा लागतो."

"बसतो थोडा वेळ."

"ही काय तुझी जागा आहे का?"

"नाही," मी म्हणतो.

ती मुसळ उचलते आणि मका कांडायला लागते, आणि मी पुस्तकाचं पान न उलटता घाव मोजत बसतो.